सल्ला: टोकियोत स्वस्तात राहायचंय? एक मोठी रूम शोधू नका, दोन छोट्या घ्या

पत्र असं आहे (थोडं कापून देतेय, बरंच लांब होतं):

"आम्ही नाशिकचे. मेच्या सुट्टीत टोकियोला जायचं ठरतंय, सात रात्री, फक्त टोकियोच. मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्या ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. सगळे शाकाहारी. राहण्याचं बजेट चौघांचं मिळून रात्रीला बारा-तेरा हजार रुपये. ॲपवर एक रूम ४,८०० रुपयांना दिसतेय, दोघांसाठी, ११ चौरस मीटर, त्यात एक्स्ट्रा गादी टाकून चौघं मावणार नाही का? चुलत दीर म्हणतो शिंजुकुलाच राहा. मिस्टरांच्या ऑफिसातले म्हणतात निशी-कसाईला राहा, तिथे सगळे इंडियन आहेत. मिस्टरांना स्वतःला कॅप्सूल हॉटेलची हौस. शिवाय एक अख्खा फ्लॅट फारच स्वस्तात मिळतोय. १ मेला निघायचा विचार आहे, तिकिटं अजून काढली नाहीयेत. वाचून वाचून डोकं पिकलंय, काहीतरी एक सांगा."

नमस्कार ताई,

तिकिटं अजून काढली नाहीयेत हे वाचून जीव भांड्यात पडला, कारण हॉटेलचं बोलण्याआधी तारखेचंच बोलायला लागणार आहे. १ मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पण जपानात तेव्हा गोल्डन वीक चालू असतो. २९ एप्रिलला एक सुट्टी, मग ३, ४, ५ मे ओळीने तीन सुट्ट्या, मधले एक-दोन दिवस रजा टाकली की अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. जी रूम एरवी नऊ-दहा हजार येनला असते तिचा भाव त्या आठवड्यात कुठल्या कुठे जातो, आणि मुलाला घेऊन जिथे जाल तिथे रांग. ७ मेनंतर गर्दी ओसरते, भाव उतरतात. मुलाला सुट्टी आहेच, तर आठवडाभर पुढे ढकला. एवढ्या एका गोष्टीने जेवढे पैसे वाचतील तेवढे नंतर कितीही कुपन कोड घालून वाचणार नाहीत. मिस्टरांच्या रजेचा प्रॉब्लेम असेल तर तो आधी सोडवा, मग ॲप उघडा.

आता ती ४,८०० ची रूम. ११ चौरस मीटर म्हणजे साधारण ११८ स्क्वेअर फूट. आपल्याकडच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची बेडरूम घ्या आणि त्यातच संडास-बाथरूम, कपाट, टेबल, फ्रिज आणि दार उघडायची जागा बसवा, ती ही रूम. दार उघडलं की डाव्या-उजव्या हाताला बाथरूम, दोन पावलं पुढे बेड, बेडच्या पायथ्याशी भिंतीला चिकटून अरुंद टेबल, त्यावर टीव्ही आणि किटली, आणि बेड आणि टेबलाच्या मधे माणूस आडवा होऊनच जाईल एवढी फट. मोठी बॅग उघडायची तर बेडवर, नाहीतर दारातल्या पॅसेजमधे, आणि मग दुसऱ्याने बाथरूमला जायचं तर बॅग बंद करायची. गादी टाकायला जमीनच नाही हो, कुठे टाकाल! आणि "दोघांसाठी" म्हटलंय तो बेडही बहुतेक सेमी-डबल असणार, म्हणजे १२० सेंटीमीटर, काही ठिकाणी १४०. लग्नाला दहा वर्षं झालेल्या नवरा-बायकोने त्यावर सात रात्री काढायच्या म्हणजे ट्रिपहून परत येईपर्यंत बोलणं बंद. बेडची रुंदी सेंटीमीटरमधे लिहिलेली असते, फोटो बघू नका, ती वाचा. फोटो काढणारा दारात उभा राहून असली लेन्स लावतो की हॉल वाटावा.

पण एक लक्षात घ्या, रूम छोटी म्हणजे घाणेरडी असं तिकडे समीकरण नाहीये. आपल्याकडे स्वस्त लॉज म्हटलं की चादर हुंगून बघावी लागते, तिकडे बिझनेस हॉटेल नावाचा जो प्रकार आहे तो मुळात कामासाठी फिरणाऱ्या एकट्या नोकरदार माणसासाठी बनलेला, त्यामुळे त्यात जागा सोडून सगळं असतं: स्वच्छ चादरी, नाइट ड्रेस, टूथब्रश, किटली, गरम पाणी, खाली लॉबीत पैसे टाकून चालणारं वॉशिंग मशीन आणि ड्रायर. तोयोको इन, आपा, सुपर हॉटेल, डॉर्मी इन, अशा चेन आहेत, एकेकीची टोकियोतच ढीगभर हॉटेलं. म्हणजे भाव कमी केलाय तो चौरस फुटात, स्वच्छतेत नाही. हे एकदा पटलं की निवडणं सोपं होतं.

चौघं एका दोघांच्या रूममधे, गुपचूप वगैरे, हे डोक्यातून काढूनच टाका. तिकडे भाडं नुसतं रूमवर नसतं, किती माणसं राहणार त्यावर असतं, चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट मागून झेरॉक्स काढतात, आणि काउंटर लिफ्टच्या समोरच असतो. लहान मुलाला मात्र सूट असते, बऱ्याच चेनमधे प्राथमिक शाळेच्या वयाचं मूल आईबाबांच्याच बेडवर झोपणार असेल तर पैसे घेत नाहीत. पण ते मूल नऊ वर्षांचं, लाथा झाडणारं आणि बेड १४० सेंटीमीटरचा, तेव्हा फुकट आहे म्हणून घेऊ नका.

माझं उत्तर असं: एक ट्विन आणि एक डबल. ट्विनमधे दोन वेगळे बेड असतात, त्यात आजी आणि नातू. डबलमधे तुम्ही दोघं, पण निदान १४० चा बेड बघून. चौघांची एकच फॅमिली रूम किंवा किचनवाली अपार्टमेंट हॉटेलं टोकियोत आहेत, छान आहेत, पण ती कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे दोन छोट्या रूम्सच्या बेरजेपेक्षा बहुतेक वेळा महागच पडतात, आणि बाथरूम एकच. सकाळी साडेसातला चौघांना बाहेर पडायचंय आणि बाथरूम एक, कल्पना करा. दोन रूम्स म्हणजे दोन बाथरूम, दोन किटल्या, आणि सासूबाईंना नऊला झोपायचं असलं तरी तुम्हाला बसता येतं.

पैशाचं बघू. येनला ५५-६० पैसे धरा. गोल्डन वीक सोडून, वीकडेला, शहराच्या पूर्वेकडच्या भागात डबल नऊ ते बारा हजार येन आणि ट्विन अकरा ते पंधरा असं काहीतरी साधारण दिसेल. दोन्ही मिळून वीस ते सत्तावीस हजार येन. म्हणजे तुमचं बजेट खालच्या टोकाला बसतं, वरच्या टोकाला नाही, आणि शनिवारची रात्र तर हमखास बाहेर जाते, रविवारची परत स्वस्त. म्हणून सात रात्रींची सरासरी काढा, एका रात्रीचा आकडा बघून घाबरू नका. टोकियोचा हॉटेल टॅक्स माणशी रात्रीला दहा हजार येनच्या आत भाडं असेल तर लागत नाही, तुमचं त्याच्या आतच बसेल.

आता सासूबाई. गुडघ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण स्वस्त राहण्याचे दोन छान पर्याय त्यामुळेच बाद होतात. एक म्हणजे तातामीची रूम, चटईची जमीन, त्यावर फुतोन म्हणजे गाद्या घालायच्या, त्यात चौघं आरामात झोपतात आणि असाकुसा-उएनो भागात मिळतातही, पण रोज जमिनीवरून उठायचं, हाताला धरायला काही नाही. नकोच. दुसरा म्हणजे मिनामी-सेंजूकडची एकदम स्वस्त छोटी हॉटेलं. पूर्वी रोजंदारी कामगारांची वस्ती होती तिथे, आता बॅकपॅकर पोरं राहतात, पण टॉयलेट-बाथ कॉमन, काही ठिकाणी लिफ्ट नाही. एकटा कॉलेजचा मुलगा असता तर म्हटलं असतं जा बिनधास्त.

बिझनेस हॉटेलातही एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. तिथलं बाथरूम म्हणजे युनिट बाथ, एकाच प्लॅस्टिकच्या साच्यातून काढल्यासारखं, टॉयलेट, बेसिन, छोटा खोल टब सगळं एकात. टोटो कंपनीने १९६४ च्या ऑलिम्पिकच्या वेळी न्यू ओतानी हॉटेल घाईत उभं करायचं म्हणून आयते बनवून क्रेनने चढवले, तेव्हापासून हा प्रकार पसरला. त्याची जमीन रूमपेक्षा चांगली वीतभर उंच असते. रात्री दोनला दिवा न लावता गेलं की ठेच लागते, आणि टबात जायला परत पाय उचलावा लागतो. पहिल्याच दिवशी दिवसाउजेडी एकदा आत-बाहेर करून दाखवा, आणि अंघोळीला टबात नीट बसूनच शॉवर घ्या म्हणावं. काही हॉटेलांत टब नसलेली, नुसत्या शॉवरची रूम असते, ती मिळाली तर उलट उत्तम. कमोडला मात्र पाण्याचा जेट असतो, तेही कोमट, तेव्हा अमेरिकेला गेल्यावर जी पंचाईत होते ती इथे नाही. खाली मोठा कॉमन बाथ असलेली हॉटेलं असतात, बायकांचा-पुरुषांचा वेगळा, पण त्यात कपडे सगळे काढून जायचं असतं, आधी बाहेर बसून साबणाने अंघोळ आणि मग गरम पाण्यात. तुम्हाला वाटलं तर जा, थकलेल्या पायांना स्वर्ग आहे, सासूबाईंना आग्रह नको.

राहायचं कुठे. शिंजुकु म्हणणाऱ्या दिरांना सांगा, पुढच्या वेळी. शिंजुकु स्टेशनला दोनशेहून जास्त एक्झिट आहेत, जगात सगळ्यात गर्दीचं स्टेशन म्हणून गिनेसमधे नोंद आहे, आणि लिफ्ट हवी असेल तर त्या दोनशेतली नेमकी एक-दोन शोधायची. दिवसभर चालून आल्यावर शेवटची पंधरा मिनिटं जमिनीखालीच फिरत राहायचं, सासूबाईंना घेऊन, आणि वर भावही पूर्वेपेक्षा जास्त. रात्रीचे दिवे बघायला एक संध्याकाळ जा, बास.

निशी-कसाईचं ऑफिसवाल्यांनी सांगितलं ते चुकीचं नाही. एदोगावा वॉर्डात २००० च्या सुमारास वायटूकेच्या (कॉम्प्युटरमधल्या २००० सालच्या तारखेच्या दुरुस्तीच्या) कामाला आलेले आयटीवाले राहायला लागले आणि वस्ती वाढत गेली, किराणा, डोसा, सगळं मिळतं, २०१९ ला आपले योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्ड असेंब्लीवर निवडूनसुद्धा आले. राहणाऱ्यांसाठी चांगलंच आहे. पण तुम्ही सात दिवसांसाठी जाताय. रोज सकाळी तोझाई लाइनने शहरात यायचं, आणि कोविडच्या आधी टोकियोतली सगळ्यात खच्चून भरणारी लाइन हीच होती, सकाळी आठला चढलात तर दादर आठवेल. एक दिवस जेवायला जा, डिस्नीलँडही त्याच बाजूला आहे, तो दिवस जोडून घ्या.

मी तुम्हाला ओकाचिमाची किंवा असाकुसाबाशी सांगेन. ओकाचिमाची म्हणजे उएनो आणि आकिहाबाराच्या मधलं स्टेशन, गोल फिरणाऱ्या यामानोते लाइनवर, त्यामुळे मुलाला शिबुयाचा चौक बघायचा असो की काही, बसलं की न बदलता पोचता. आणि मुख्य म्हणजे तिथे दागिन्यांचा घाऊक बाजार आहे, हिरे-खड्यांचे भारतीय व्यापारी तिथे पूर्वीपासून, त्यातले बरेच जैन, त्यामुळे शुद्ध शाकाहारी इंडियन जेवण चालत जाण्यासारख्या अंतरावर मिळतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जपानी जेवणात भाजीच्या सूपलाही माशाचं पाणी असतं. हॉटेलचा फुकट ब्रेकफास्ट (तोयोको इनला असतो) म्हणजे भात, ब्रेड, सॅलड चालेल, मिसो सूप सोडा, भाताचे तयार गोळे असले तर आत काय भरलंय ते विचारा. डॉर्मी इनला रात्री फुकट नूडल्स देतात, लोक कौतुक करतात, पण ते तुमच्या कामाचे नाहीत.

असाकुसाबाशीचा फायदा वेगळा. तिथून जाणारी असाकुसा लाइन एका बाजूला नारिता आणि दुसऱ्या बाजूला हानेदा, अशा दोन्ही एअरपोर्टना थेट जोडलेली आहे, काही गाड्या सरळ एअरपोर्टपर्यंत जातात, बॅगा घेऊन बदलायला नको. शिवाय जेआरने, म्हणजे जपान रेल्वेने, आकिहाबारा एकच स्टेशन. वस्ती साधी, ऑफिसं आणि मणी-कागदाची घाऊक दुकानं, संध्याकाळी शांत. ओकाचिमाचीला असाल आणि नारिताला उतरत असाल तर स्कायलायनर नावाची एअरपोर्टची फास्ट ट्रेन उएनोला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आणते, तिथून टॅक्सी करा, सासूबाई आणि बॅगा आहेत, तिथे काटकसर नको.

स्टेशनच्या नावावर विसंबून मात्र बुकिंग करू नका. "असाकुसा स्टेशनपासून १ मिनिट" लिहिलेलं असतं आणि ते निघतं त्सुकुबा एक्सप्रेसचं असाकुसा, जे बाकीच्या लाइन्सच्या असाकुसापासून सहाशे-सातशे मीटर लांब आहे. कुरामाएचंही तसंच, एका नावाची दोन स्टेशनं, एकातून बाहेर पडून रस्त्याने चालत दुसऱ्यात. म्हणून हॉटेल पसंत पडलं की नकाशात त्या स्टेशनची लिफ्ट कुठल्या एक्झिटला आहे ते शोधा, आणि तिथपासून हॉटेलच्या दारापर्यंत स्ट्रीट व्ह्यूमधे बोटाने चालत जा. मधे फूटब्रिज आहे का, चढ आहे का, सगळं दिसतं. हा अर्धा तास घालवायला कंटाळू नका, हॉटेलच्या रिव्ह्यूंपेक्षा जास्त कळतं. आणि उएनोच्या पुढचं उगुइसुदानी स्टेशन, तिथे एखादं हॉटेल अचानक मोठी रूम, मोठा बेड, कमी भाडं असं दिसलं तर हुरळून जाऊ नका, तो भाग तासावर रूम देणाऱ्या जोडप्यांच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध आहे. ॲपवर "फक्त प्रौढांसाठी" असं बारीक लिहिलेलं असतं. सासूबाईंना घेऊन त्या लॉबीत... जाऊ दे.

मिस्टरांची हौस एका रात्रीत भागवा. कॅप्सूल हॉटेल, म्हणजे एक माणूस झोपेल एवढी खोकी एकावर एक रचलेली, सुरक्षित असतं, पहिलं १९७९ ला ओसाकात निघालं, शेवटची ट्रेन चुकलेल्या ऑफिसवाल्यांना पाठ टेकायला मिळावी म्हणून हा धंदा वाढला. पण त्याला दार नसतं, पडदा किंवा शटर असतं, सामान खाली लॉकरमधे, बायका-पुरुषांचे मजले वेगळे, कितीतरी फक्त पुरुषांसाठीच, आणि नऊ वर्षांच्या मुलाला बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. सलग दोन रात्री घेतल्या तरी सकाळी सफाईसाठी बाहेर काढतात, आणि शेजारच्याचं घोरणं पॅकेजमधेच. एकट्यांनी जावं, साडेतीन-पाच हजार येन, सकाळी ब्रेकफास्टला परत. तुम्हालाही त्या रात्री बेड अख्खा मिळेल.

आणि तो फार स्वस्त फ्लॅट. २०१८ च्या जूनपासून तिकडे राहतं घर पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचा कायदा आहे, नोंदणी लागते, वर्षातले १८० दिवसच देता येतं, आणि नोंदणीचा नंबर जाहिरातीत लिहावा लागतो. नंबर किंवा हॉटेलचं लायसन्स दिसत नसेल तर पुढे वाचूच नका. दिसत असेल तरी विचारा, कितवा मजला आणि लिफ्ट आहे का, कारण स्वस्त फ्लॅट म्हणजे जुनी दोन-तीन मजली बिल्डिंग आणि बाहेरून लोखंडी जिना. शिवाय चेक-इन तीन-चार वाजता, फ्लाइट सकाळी उतरली तर दिवसभर बॅगा कुठे ठेवणार? हॉटेलात काउंटरवर ठेवून घेतात, पैसे न घेता. आणि फ्लॅटमधे कचऱ्याचं वर्गीकरण तुम्हीच करायचं, चुकलं तर मालकाचे मेसेज येतात.

घरून काय न्यायचं तेही सांगते. विजेवरचा छोटा कुकर नका नेऊ, तिकडे वीज १०० व्होल्टची, आपला २३० चा कुकर त्यावर खिचडी शिजवेपर्यंत सकाळ होईल, आणि रूममधे स्वयंपाक चालतही नाही, वाफेने अलार्म वाजला तर शोभा. गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या, किटली रूममधे आहेच. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या.

बुकिंग करताना नॉन-स्मोकिंग रूम निवडली आहे ना ते बघा, तिकडे अजून सिगरेटवाल्या रूम्स असतात आणि त्याच थोड्या स्वस्त दिसतात, वास पडद्यात मुरलेला असतो. फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या. व्हिसाच्या अर्जात रोज कुठे मुक्काम आहे त्याचा तक्ता द्यावा लागतो, त्यामुळे आत्ता काहीतरी बुक करावंच लागणार, मग महिनाभर भाव बघत राहा, उतरला तर बदला. दोन्ही रूम्स एकाच नावाने घ्या आणि रिक्वेस्टच्या रकान्यात लिहा की एकाच मजल्यावर हव्यात, सोबत वयस्कर आई आहेत. काही हॉटेलांत लिफ्ट कार्डावर चालते आणि फक्त तुमच्याच मजल्याला थांबते, मजले वेगळे मिळाले तर रात्री आजींनी हाक मारली तरी तुम्हाला खाली काउंटरवर जाऊन सांगावं लागेल. आठवडाभर आधी एक मेल टाकून परत विचारा, ट्रान्सलेट ॲपमधून जपानीत केलेला चालतो, उत्तर येतंच.